बापाच्या तोंडचे वाक्य : ‘ऑथेल्लो’तील अनर्थाची चाहूल

शोकांतिका पाहायला जाणाऱ्या माणसाला शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. सिंधू वाचणार नाही, हे ‘एकच प्याला’च्या प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असते. तरी तो जातो आणि डोळे पुसत बाहेर येतो. मग इतका वेळ तो नेमके काय पाहत असतो? अनर्थ येण्याआधी त्याची पावले कुठे कुठे वाजली होती आणि ती कोणाकोणाला ऐकू आली नाहीत, हे तो पाहत असतो. पहिल्या अंकात सहज बोलून गेलेला शब्द, हातून निसटलेली एखादी वस्तू, भलत्या वेळी ओठांवर आलेले जुने गाणे, अशा खुणा नाटककार पेरत जातो. पुढच्याची अशी आगाऊ चाहूल देण्याला पूर्वसूचन म्हणतात.

या पूर्वसूचनाबद्दल बोलताना आपण फार लवकर नियतीचे नाव घेतो. घरात काही विपरीत घडले की ‘तेव्हाच डावा डोळा लवला होता’ असे कोणीतरी म्हणतेच आणि मग ‘होणारे कोणाला चुकले आहे’ असे म्हणून सगळे गप्प बसतात. नाटकातल्या खुणाही आपण त्याच हिशेबात धरतो. वरच्याने लिहून ठेवले होते, नाटककाराने ते जरा आधी वाचून दाखवले, एवढेच! काही नाटकांपुरते हे खरेही आहे. सोफोक्लीजच्या ‘इडिपस’ नाटकात देववाणीने सांगितलेले भविष्य टाळण्यासाठी जो जो धडपड केली जाते, तो तो ते जवळ येते. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये पडदा उघडताच निवेदक प्रेमी युगुलाचा मृत्यू जाहीर करून टाकतो. ‘ज्युलियस सीझर’मध्ये भविष्यवेत्ता मार्च महिन्यातला घातवार सांगतो, आणि ‘मॅक्बेथ’मध्ये तर साक्षात चेटकिणीच पुढचे बोलून दाखवतात.

पण त्याच शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त देववाणी नाही, चेटकीण नाही, भूत नाही. तरीही पुढच्याची चाहूल या नाटकाइतकी दाट क्वचितच कुठे आढळेल. ही चाहूल येते ती माणसांच्या बोलण्यातून. एक माणूस रागाच्या भरात बोलून जातो, दुसरा ते ऐकून जपून ठेवतो, आणि वेळ येताच तिसऱ्याच्या कानात घालतो. ‘ऑथेल्लो’तले भाकीत खरे ठरते ते असे. ग्रहताऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

व्हेनिसमधली ती रात्र

कथानक अनेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. ऑथेल्लो हा आफ्रिकी वंशाचा, काळ्या वर्णाचा सेनापती. व्हेनिसच्या लोकराज्याची चाकरी करून त्याने नाव मिळवले आहे. ब्रॅबान्शियो या बड्या सरदाराच्या घरी त्याचे जाणेयेणे असते. त्याच्या पराक्रमाच्या आणि हालअपेष्टांच्या कहाण्या ऐकता ऐकता सरदाराची मुलगी डेस्डिमोना त्याच्यावर भाळते आणि बापाला न सांगता त्याच्याशी लग्न करते. ऑथेल्लोच्या हाताखाली इयागो नावाचा एक अधिकारी आहे. आपल्याला डावलून कॅसिओला बढती दिली, हा सल त्याच्या मनात आहे. डेस्डिमोना आणि कॅसिओ यांच्याविषयी तो ऑथेल्लोच्या मनात विष कालवतो. शेवटी ऑथेल्लो आपल्या निरपराध पत्नीचा शय्येवरच जीव घेतो, सत्य कळल्यावर स्वतःलाही संपवतो.

हे नाटक १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात राजा पहिला जेम्स याच्यापुढे झाल्याची नोंद आहे. नाटकाची सुरुवात अपरात्री ब्रॅबान्शियोच्या दाराशी होते. इयागो आणि त्याचा जोडीदार आरडाओरडा करून म्हाताऱ्याला झोपेतून उठवतात आणि मुलगी पळून गेल्याचे सांगतात. तेव्हा ब्रॅबान्शियो बोलून जातो, की असेच काहीसे आपण स्वप्नात पाहिले होते. म्हणजे भीती त्याच्या मनात आधीपासूनच होती. ज्याला तो आपल्या पंक्तीला बसवत होता, त्याला जावई म्हणून मात्र तो स्वप्नातच पाहू शकत होता, आणि तेही दुःस्वप्नात.

त्याच रात्री राज्यसभा भरलेली असते. तुर्कांचे आरमार सायप्रसवर निघाल्याची खबर आलेली असते. ब्रॅबान्शियो तिथे फिर्याद मांडतो, की या काळ्या माणसाने चेटूक करून माझी मुलगी भुलवली. एरवी तिचा स्वभाव असा वाट चुकलाच नसता. डेस्डिमोनाला बोलावले जाते. ती न डगमगता सांगते, की माझ्या आईने जसे आपल्या वडिलांपेक्षा तुम्हाला अधिक मानले, तसेच आता मला माझ्या पतीला मानणे प्राप्त आहे. म्हातारा हरतो. सभा युद्धाच्या कामाला लागते. निघता निघता तो जावयाकडे वळून एकच वाक्य बोलतो. त्याचा आशय असा, की हिच्यावर नजर ठेव. हिने बापाला फसवले, तुलाही फसवील.

ऑथेल्लोचे उत्तर तितकेच थोडके आहे. तो आपल्या पत्नीच्या निष्ठेवर स्वतःचा प्राण पणाला लावतो. पुढे हे शब्द अक्षरशः खरे होतात. तिच्या निष्ठेची खात्री पटते त्याच घटकेला त्याला प्राण द्यावा लागतो. पण त्याहून भयंकर गोष्ट याच्या लगेच पुढच्या वाक्यात आहे. त्याच श्वासात ऑथेल्लो, सायप्रसच्या प्रवासात पत्नीला सांभाळण्याचे काम ‘प्रामाणिक’ इयागोवर सोपवतो. इयागो तिथेच उभा आहे आणि बापाचे वाक्य त्याने ऐकले आहे. प्रेक्षकाचे लक्ष रागावलेल्या बापाकडे आणि शांत जावयाकडे असते. कोपऱ्यात उभ्या राहून ऐकणाऱ्याकडे पाहायला आपण विसरतो. खरी पूर्वसूचना मात्र त्या ऐकण्यात आहे.

जपून ठेवलेले वाक्य

सायप्रसला पोहोचल्यावरही खुणा येतच राहतात. वादळातून सुखरूप उतरलेला ऑथेल्लो पत्नीला पाहून म्हणतो, की आता मरण आले तरी चालेल, कारण याहून मोठे सुख पुढे नशिबी असेल असे वाटत नाही. बाजूला उभा असलेला इयागो मनाशी म्हणतो, की तुमचे सूर आता जुळले आहेत खरे, पण त्या वाद्याच्या खुंट्या मीच ढिल्या करीन. एकाच्या तोंडी आनंदाचा उद्गार आणि दुसऱ्याच्या मनात कारस्थान, असे हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. पुढे बडतर्फ झालेल्या कॅसिओची रदबदली करण्याचे वचन देताना डेस्डिमोना त्याला म्हणते, की तुझी बाजू सोडण्यापेक्षा तुझी ही वकील मरण पत्करील. तिलाही ठाऊक नसते, की याच वकिलीपायी आपल्याला मरायचे आहे.

मग येतो तिसऱ्या अंकातला तो सुप्रसिद्ध प्रवेश. प्रवेशाच्या आरंभी ऑथेल्लो सुखी आहे. पत्नी जाते तिकडे पाहत तो म्हणतो, की जेव्हा माझे हिच्यावरचे प्रेम उरणार नाही, तेव्हा पुन्हा सगळा अंधार-गोंधळ माजेल. प्रवेश संपेपर्यंत तसे होऊ लागलेले असते. इयागो थेट आरोप करत नाही. तो अर्धे बोलतो, मध्येच थांबतो, ‘मत्सरापासून जपा’ असा वर उपदेशही करतो. आणि ऑथेल्लो डळमळतो आहे असे दिसताच पहिल्या अंकात जपून ठेवलेले बापाचे वाक्य तो बाहेर काढतो: तिने लग्न करताना आपल्या बापाला फसवले होते, नाही का? ऑथेल्लोला ‘हो’ म्हणावेच लागते, कारण ती गोष्ट खरीच असते.

इथे शेक्सपिअरचे मानवी स्वभावाचे ज्ञान पाहून थक्क व्हायला होते. इयागोने स्वतःहून रचलेले खोटे पुढे पुष्कळ आहे. पण संशयाचा पाया त्याने खऱ्या गोष्टीवर घातला. डेस्डिमोनाने बापापासून लग्न लपवले, ते ऑथेल्लोसाठी लपवले. तिच्या प्रेमाचा जो सर्वांत मोठा पुरावा, तोच तिच्या बेइमानीचा पुरावा म्हणून उभा केला जातो. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की इथून ऑथेल्लो स्वतःच सासऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. स्वभाव आपली वाट सोडून भरकटतो कसा, असे तो पुटपुटतो. राज्यसभेत ब्रॅबान्शियोने अगदी हाच युक्तिवाद केला होता. जो तिरस्कार बापाने बाहेरून फेकला होता, तो आता जावयाच्या मनातून उगवू लागतो. वाक्य त्या रात्रीच तिथे पडले होते. इयागोने फक्त त्याला पाणी घातले.

मूळ गोष्ट आणि तिचे तात्पर्य

शेक्सपिअरने हे कथानक इटालियन लेखक जिराल्दी चिंथियो याच्या १५६५ साली छापलेल्या कथासंग्रहातून घेतले. त्या गोष्टीत मूर सेनापतीला नावच नाही. नाव आहे ते फक्त नायिकेला. तिथे ही नायिका दुःखाच्या भरात स्वतःच बोलते, की आईबापांच्या मर्जीविरुद्ध आणि ज्याची जात-जीवनरीत आपल्याहून वेगळी त्याच्याशी लग्न करू नये, याचा धडा आता इतर मुली माझ्यावरून घेतील. म्हणजे चिंथियोने गोष्टीचे तात्पर्य बळी पडलेल्या मुलीच्याच तोंडी घातले.

शेक्सपिअरने ते तिच्या तोंडून काढून घेतले. त्याची डेस्डिमोना शेवटपर्यंत आपल्या निवडीबद्दल पश्चात्तापाचा एक शब्दही बोलत नाही. ते तात्पर्य त्याने दोघांत वाटून दिले. एक अपमानित बाप आणि दुसरा मत्सरी खलपुरुष! मूळ गोष्टीत जे लेखकाचे म्हणणे होते, ते नाटकात दोन पात्रांचे म्हणणे झाले, आणि त्यांपैकी एक पात्र तर खोटे बोलण्यात पटाईत. नाटककाराने उपदेशाचा भाकितात आणि भाकिताचा हत्यारात असा पालट केला.

हा बदल सगळ्यांच्या लक्षात आला असे नाही. थॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने १६९३ साली या नाटकाची यथेच्छ टर उडवली. त्याच्या मते नाटकाचा बोध काय, तर कुलीन मुलींनी आईबापांच्या संमतीवाचून काळ्या माणसांबरोबर पळून जाऊ नये आणि घरंदाज बायकांनी आपले कपडेलत्ते नीट सांभाळावेत! रायमर थट्टा करत होता, पण थट्टेच्या भरात तो नकळत ब्रॅबान्शियोच्याच बाजूला जाऊन बसला.

रुमाल, चादर आणि गाणे

रायमरने कपड्यांचा उल्लेख केला तो रुमालावरून. ऑथेल्लोने पत्नीला दिलेली ही पहिली भेट. ती हातून पडते, इयागोची बायको एमिलिया ती उचलते आणि नवऱ्याला देते. तो ती कॅसिओच्या खोलीत टाकून देतो. रुमाल हरवल्यावर ऑथेल्लो पत्नीला त्याचा इतिहास सांगतो. एका मिसरी जादूगारणीने हा रुमाल माझ्या आईला दिला. तो जवळ असेतो पतीचे प्रेम टिकेल, हरवला किंवा कोणाला दिला तर मन फिरेल, असे तिचे सांगणे होते. ऐकताना आपल्यालाही वाटते, की आता मात्र दैवाचा हात दिसला. पण शेवटच्या अंकात, सगळे संपल्यावर, हाच ऑथेल्लो साधेपणाने म्हणतो, की तो रुमाल माझ्या वडिलांनी माझ्या आईला दिला होता. जादूगारणीचा तिथे उल्लेखही नाही. मग ती शापाची गोष्ट खरी होती, की भेदरलेल्या बायकोला आणखी भेदरवण्यासाठी रचलेली? नाटककार उत्तर देत नाही. मात्र शापवाणीसारखी वाटणारी ही एकमेव गोष्टही एका माणसाच्याच तोंडून आली आहे, एवढे आपल्या लक्षात राहते.

त्याच प्रवेशात डेस्डिमोना एमिलियाला विचारते, की रुमाल कुठे हरवला असेल. एमिलिया ‘मला ठाऊक नाही’ म्हणते. या शब्दांपाशी प्रत्येक वेळी मन थांबते. तिने तेव्हा खरे सांगितले असते तर नाटक तिथेच संपले असते. अशा जागा या नाटकात एकामागून एक येतात. ऑथेल्लोने कॅसिओला समोर बसवून विचारले असते तर? डेस्डिमोनाने रुमाल हरवल्याचे सरळ कबूल केले असते तर? प्रत्येक खूण म्हणजे मागे वळण्याची एक संधी आहे. ती हुकताना पाहणे हीच प्रेक्षकाची यातना.

चौथ्या अंकाच्या शेवटी शेवटची रात्र येते. डेस्डिमोनाने लग्नाच्या वेळच्या चादरी शय्येवर घालायला सांगितल्या आहेत. मी तुझ्याआधी मेले तर यांतलीच एक माझ्यावर पांघर, असे ती एमिलियाला म्हणते. मग तिला आईच्या एका दासीची आठवण होते. त्या दासीच्या प्रियकराने तिला टाकले, आणि ती एक जुने गाणे गात गात मेली. तेच गाणे आज काही केल्या मनातून जात नाही, म्हणून डेस्डिमोना केस मोकळे करता करता ते गाते.

या गाण्याची छापील कथाही ऐकण्यासारखी आहे. ‘ऑथेल्लो’ पहिल्यांदा १६२२ साली सुट्या पुस्तकाच्या रूपाने छापले गेले. त्यात हे गाणे नाही. पुढच्याच वर्षी, १६२३ साली, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर त्याच्या सोबत्यांनी त्याच्या नाटकांचा मोठा संग्रह काढला, त्यात ते आहे. त्या काळी इंग्रजी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. गाता गळा असलेला मुलगा हाताशी नसेल तेव्हा हे गाणे गाळले जात असावे, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. स्त्रीपार्टी नटाचा आवाज फुटला की नाटक कंपनीची कशी तारांबळ उडे, हे आपल्या जुन्या नाट्यरसिकांना वेगळे सांगायला नको. गाणे गाळले तरी कथानक कुठेही अडत नाही. पण ते असले की पाचव्या अंकातला मृत्यू एक अंक आधीच खोलीत येऊन बसतो. पुढे नवऱ्याच्या हातून घायाळ झालेली एमिलिया मरताना मालकिणीचे तेच गाणे आठवते, तेव्हा उशिरा का होईना, कोणीतरी ती खूण ऐकली असे वाटते.

आपल्याकडची पताकास्थानके

इंग्रजी नाटक मराठीत आले तेव्हा पूर्वसूचनाची ही युक्ती आपल्याला नवी नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात पताकास्थानकाचे चार प्रकार सांगितले आहेत. बोलणारा एका अर्थाने बोलतो आणि ऐकणाऱ्याला पुढच्या घटनेचा दुसराच अर्थ ऐकू येतो, असा त्याचा सर्वसाधारण थाट. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात भानुमतीला एक मुंगूस शंभर साप मारतो असे स्वप्न पडते. मुंगसाला संस्कृतात ‘नकुल’ म्हणतात, आणि कौरवही शंभरच! त्याच अंकात दुर्योधन तिला आपल्या मांडीवर बसायला सांगत असताना कंचुकी धावत येऊन सांगतो, की भीमाने मोडला. सांगायचे असते ते एवढेच, की भयंकर वाऱ्याने रथाचा ध्वज मोडला. पण गदाघाताने मांडी मोडण्याची कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो.

याहून हृदयस्पर्शी उदाहरण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तले आहे. वनवासाच्या दिवसांची चित्रे पाहून दमलेली गर्भवती सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपते. राम तिच्याकडे पाहत मनाशी म्हणतो, की हिचे सगळेच प्रिय आहे, असह्य आहे तो फक्त हिचा विरह. तेवढ्यात प्रतीहारी आत येऊन म्हणते, ‘आला आहे, महाराज.’ आलेला असतो दुर्मुख नावाचा हेर. त्याने काय आणलेले असते? सीतेच्या शीलाविषयी लोक काय बोलतात, ती बातमी! भवभूती आठव्या शतकातला आणि मूळचा विदर्भातला. शेक्सपिअरशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी दोघांच्या नाटकांत निरपराध पत्नीचा घात सुरू होतो तो लोकांच्या तोंडच्या शब्दाने. फरक एवढाच, की राम सीतेवर क्षणभरही संशय घेत नाही आणि तरीही तिला टाकतो. संस्कृत नाटक पुढे दोघांची भेट घडवून गोड शेवट करते. ‘ऑथेल्लो’त अशी भेट नाही.

परशुरामतात्या गोडबोले यांनी ही दोन्ही संस्कृत नाटके १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठीत आणली. त्यानंतर दहाच वर्षांत, १८६७ साली, महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’चे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. शेक्सपिअर मराठीत आणण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक. मराठी वाचकाला यातला दुःखान्त नवा होता. त्याची चाहूल ओळखायला मात्र तो आधीच शिकलेला होता. मला वाटते, परका शेवट आपल्याकडे रुजला त्यात या ओळखीच्या वाटेचा वाटा मोठा आहे.

रंगभूमीवर हे नाटक रुजवले ते गोविंद बल्लाळ देवलांनी. देवलांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा; पण शिक्षण झाले बेळगावला, आणि काही काळ त्यांनी तिथेच शिक्षकी केली. त्यांचे नाट्यगुरू अण्णासाहेब किर्लोस्कर हेही बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. तेव्हा ‘झुंजारराव’ या नावाने १८९० साली ‘ऑथेल्लो’ मराठी प्रेक्षकांपुढे आणणाऱ्या माणसावर आपल्या सीमाभागाचा थोडा हक्क आहेच. व्हेनिसची डेस्डिमोना तिथे कमळजा झाली. आणि हे वेड एकट्या मराठीला लागले नव्हते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात म्हैसूर दरबारचे बसवप्पशास्त्री यांनी याच नाटकाचे कन्नडमध्ये ‘शूरसेनचरित्रे’ केले. ज्या घरांत आजी एका भाषेत आणि शेजारीण दुसऱ्या भाषेत बोलते, अशा घरांनी हे दोन्ही ठेवे आपले मानायला हवेत.

देवलांनी संशयाचा विषय तिथेच सोडला नाही. तीनच वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. त्याचेच पुढे १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. तिथेही एक वस्तू भलत्याच हातात सापडते, रुमालाऐवजी तसबीर. तिथेही नवरा बायकोवर आणि बायको नवऱ्यावर संशय घेते. पण तिथे सगळेजण मनातला संशय मोठ्याने बोलून टाकतात, एकमेकांच्या तोंडावर भांडतात, आणि भांडता भांडता घोटाळा उलगडतो. ‘झुंजाररावा’त संशय कानात सांगितला जातो आणि मनात ठेवला जातो. दोन्ही नाटके एकाच लेखणीची. एकात आपण पोट धरून हसतो आणि दुसऱ्यात आपल्याला गुदमरल्यासारखे होते.

याच वाटेवर पुढे गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ उभा आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. नाटकाचा पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास केला. मरताना नवऱ्याचा अपराध झाकणारी सिंधू पाहून अनेक टीकाकारांना डेस्डिमोना आठवली आहे. डेस्डिमोनाही शेवटच्या श्वासाला, मारले कोणी असे विचारल्यावर, ‘कोणी नाही, मीच’ अशा अर्थाचे बोलते. गडकऱ्यांच्या नाटकाची पूर्वसूचना तर त्याच्या नावातच आहे. पहिला प्याला देणारा तळीरामही माणूसच, आणि तो घेणारा सुधाकरही. दोघांच्या मध्ये दैव कुठेच नाही.

ते वाक्य आजही

ब्रॅबान्शियोला खलपुरुष म्हणता येत नाही. तो मुलीवर प्रेम करणारा, दुखावलेला बाप आहे. आपल्या दुभाषी जिल्ह्यांत असे बाप घरोघरी भेटतील. मुलीने दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा मुलगा निवडला की दार लावून घेतले जाते, आणि लावता लावता एक वाक्य बोलले जाते: जी आमची झाली नाही ती तुमची काय होणार! बोलणाऱ्याला वाटते, आपण मनातली जळजळ ओकली, झाले. पण ते वाक्य कोणीतरी ऐकलेले असते. सासरी पहिले भांडण होते तेव्हा ते पुन्हा बाहेर येते. मग संसार मोडला तर लोक म्हणतात, बाप म्हणत होता ते खरे झाले. खरे झाले खरे. पण ते खरे करण्यासाठी कोणी कोणी हातभार लावला, हे कोणी विचारत नाही. ‘ऑथेल्लो’ हे नाटक नेमके तेवढेच विचारत राहते.

शेवटच्या प्रवेशात डेस्डिमोनाचे प्रेत शय्येवर असताना तिचा नातलग ग्रॅशियानो सांगतो, की बरे झाले, हिचा बाप आधीच गेला. मुलीच्या या लग्नाचे दुःख त्याला सोसले नाही, आणि हे पाहायला तो असता तर त्याने जिवाचे काय करून घेतले असते कोण जाणे. साऱ्या धावपळीत ही बातमी ऐकून घ्यायलाही तिथे कोणाला सवड नसते. बापाने बोललेले वाक्य मुलीच्या शय्येपर्यंत येऊन पोहोचले, आणि तोवर बाप या जगात राहिला नव्हता.